मर्ल ओबेरॉन आणि मुंबईच्या दप्तरातली एक नोंद



स्मृतिव्याख्यानाच्या व्यासपीठावरून एखाद्या सिनेनटीचे चरित्र सांगावे काय, ही शंका आपल्यापैकी कोणाच्या मनात आली असेल तर ती मी अनाठायी मानत नाही. कारण ज्या व्यासपीठांवरून आपल्या मागच्या पिढ्यांनी लोकमान्य, आगरकर, ज्ञानेश्वरी आणि भाषावार प्रांतरचना हे विषय ऐकले, तेथे करमणुकीच्या धंद्याला थारा देणे हा त्या विषयांचा अधिक्षेप वाटावा, इतके त्या पिढ्यांचे संस्कार आपल्यावर अद्याप शिल्लक आहेत. परंतु जिची कहाणी मी आज सांगणार आहे ती बाई जन्माने मुंबईची, पेशाने हॉलिवुडची तारका, आणि प्रसिद्धिपत्रकांच्या हिशेबी टास्मानिया बेटाची कन्या होती. आणि या तीन गोष्टींचा मेळ कसा बसला याचा तपास करू गेल्यास इंग्रजी अंमलातली वर्णाची उतरंड, अमेरिकेचा कायदा, चित्रपटधंद्याची देवघेव आणि एका घरातल्या तीन पिढ्यांच्या स्त्रियांचे भोग इतके एकात एक गुंतलेले आढळतात, की हा विषय केवळ करमणुकीचा राहत नाही. या बाईचे जगाला ठाऊक असलेले नाव मर्ल ओबेरॉन.

तिचा जन्म 19 फेब्रुवारी 1911 रोजी मुंबईत झाला. एस्टेल मर्ल ओब्रायन थॉम्सन हे तिचे पाळण्यातले नाव. त्याच वर्षाच्या अखेरीस पंचम जॉर्ज बादशहा आणि राणी मेरी दिल्ली दरबारासाठी अपोलो बंदरावर उतरली, त्या राणीवरून मुलीला घरात ‘क्वीनी’ म्हणू लागले असे सांगतात. आर्थर थॉम्सन हा तिचा पिता इंग्लंडातून रेल्वेच्या चाकरीवर आलेला यांत्रिकी कारागीर होता. तो पहिल्या महायुद्धात गेला आणि तिथेच वारला. शार्लट सेल्बी या सिलोनच्या मिश्रवंशीय, सावळ्या बाईने क्वीनीला वाढवले आणि क्वीनी तिलाच आई समजत मोठी झाली. खरी गोष्ट निराळी होती. मुलीची जन्मदाती होती शार्लटचीच लेक कॉन्स्टन्स, आणि या बाळंतपणाच्या वेळी ती स्वतः बारा-चौदा वर्षांची पोर होती. ज्या थॉम्सनसह शार्लट राहत होती तोच या मुलीचा बाप. नातीला मुलगी आणि मुलीला तिची थोरली बहीण ठरवून शार्लटने घराची अब्रू झाकली.

येथे क्षणभर थांबणे भाग आहे. 1891 साली संमतिवयाचे विधेयक आले तेव्हा मुलीचे वय दहावरून बारावर नेण्याच्या प्रश्नावर महाराष्ट्रात केवढे रण माजले, टिळकांनी परकी सरकारच्या ढवळाढवळीला कसा विरोध केला आणि आगरकर-मलबारी कोणत्या बाजूला उभे राहिले, हे या सभागृहात सांगावयास नको. त्या वादात दोन्ही पक्षांची दृष्टी हिंदू घरांवर होती. साहेबाच्या घरात, रेल्वेच्या वसाहतीत, गोऱ्या बापाच्या छपराखाली हाच प्रकार घडत असेल अशी कल्पना सुधारकांच्या मनाला शिवली नाही, सनातन्यांच्याही नाही. आणि ज्यांनी तो कायदा केला त्यांना तर ती सोयीची नव्हतीच.

1917 साली शार्लट मुलीला घेऊन कलकत्त्यास गेली. ला मार्टिनिएर या नामांकित शाळेत क्वीनीला शिष्यवृत्ती मिळाली, पण तेथील मुलींनी तिच्या वर्णावरून आणि कुळावरून तिला इतके टोचले की शाळा सोडून तिचे पुढचे शिक्षण घरीच झाले. पुढे हौशी नाटकमंडळींत लहानसहान कामे, टेलिफोन खात्यात चाकरी, फिर्पो या प्रसिद्ध उपाहारगृहात जिंकलेली एक स्पर्धा, असा तिचा मार्ग तिथल्या जाणकारांनी सांगितला आहे.

नेमक्या याच सुमारास मुंबईत जे घडत होते ते शेजारी ठेवून पाहावे. पुण्यात 1907 साली जन्मलेली रूबी मायर्स ही बगदादी ज्यू घराण्यातली मुलगी, तीही टेलिफोनवर काम करणारी, ‘सुलोचना’ हे नाव घेऊन मूकपटांत शिरली आणि थोड्याच वर्षांत अशी गाजली की तिचा पगार खुद्द गव्हर्नरच्या पगारापेक्षा अधिक आहे, अशी बोलवा उठली. एस्थर अब्राहम ‘प्रमिला’ झाली, रेनी स्मिथ ‘सीतादेवी’ झाली. कुलीन हिंदू स्त्रीने कॅमेऱ्यापुढे उभे राहणे निषिद्ध मानले जाई. ‘अयोध्येचा राजा’मध्ये दुर्गाबाई खोटे 1932 साली उभ्या राहिल्या तेव्हाही लोकांच्या भुवया उंचावल्याच. म्हणून आपल्या पौराणिक आणि सामाजिक नायिका आपण बराच काळ ज्यू आणि अँग्लो-इंडियन घरांतून आणल्या, त्यांना संस्कृत नावे दिली, आणि त्या नावांमागची माणसे कोण याची फारशी विचारपूस केली नाही. मुंबईत परक्या वाटणाऱ्या मुलीला हिंदू नाव घ्यावे लागे, लंडनमध्ये हिंदुस्थानी रक्ताच्या मुलीला हिंदुस्थान पुसावा लागे. प्रेक्षकाला हवी ती वंशावळ पुरवणे हा या धंद्याचा नियमच आहे. फरक एवढाच की सुलोचनाबाईंना रूबी मायर्स असल्याचे कबूल केल्याने कोणी घराबाहेर काढले नसते. 1928 आणि 1935 अशी दोनदा अनारकली झालेल्या या बाई 1953 च्या ‘अनारकली’त सलीमच्या आईच्या भूमिकेत दिसल्या, आणि 1973 सालचा दादासाहेब फाळके पुरस्कारही त्यांना मिळाला. क्वीनीला अशी मुभा नव्हती.

ती 1928-29 च्या सुमारास शार्लटसह युरोपात गेली. कलकत्त्यात भेटलेल्या ज्या गोऱ्या प्रणयीच्या भरवशावर हा प्रवास घडला, त्याने शार्लटचा वर्ण पाहताच काढता पाय घेतला होता. मात्र जाता जाता फ्रान्सच्या नीस शहरातला दिग्दर्शक रेक्स इन्ग्राम याच्याकडे तिची वर्णी लावण्याचे आश्वासन त्याने दिले. तेथून लंडन, तेथे ‘कॅफे द पारी’ या रात्रीच्या विलासगृहात गिऱ्हाइकांचे स्वागत करण्याचे काम, चित्रपटांतील गर्दीत उभे राहण्याची रोजंदारी, आणि मग अलेक्झांडर कोर्डाची नजर. कोर्डा हा हंगेरीतल्या एका खेड्यात जन्मलेला ज्यू. त्याचे मूळ नाव शांदोर केल्नर. इंग्लिश उमरावापेक्षाही अधिक इंग्लिश दिसण्याची कला साधून 1942 साली तो ‘सर’ झाला. नाव, गाव आणि कुळ नव्याने घडवण्यात जो स्वतः निष्णात, त्याच्या हाती क्वीनी पडली आणि मर्ल ओबेरॉन होऊन बाहेर आली. 1933 च्या ‘द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ’ या चित्रपटात ती शिरच्छेदास जाणारी ॲन बोलिन होती, आणि भूमिका काही मिनिटांची असूनही तिच्या चेहऱ्याचा ठसा राहिला. मागांच्या या भिवंडी गावातल्या श्रोत्यांना हे घडणे समजावून सांगण्याची गरज नाही. इथल्या मागावरून उतरलेले कोरे ‘ग्रे’ कापड दुसऱ्या गावच्या प्रोसेस हाउसात रंगून, दुसऱ्याच्या छापाने बाजारात जाते, आणि घेणारा भिवंडीचे नाव कधी ऐकत नाही.

छाप ठरला तो टास्मानियाचा. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडचे ते बेट लंडनपासून इतके दूर की चौकशीला जाणार कोण. त्यात जन्माचे कागद आगीत भस्मसात झाले अशीही पुष्टी जोडली गेली. हे असत्य तिने चाळीस वर्षांवर जपले. त्याला हीनगंड म्हणून मोकळे होणे सोपे आहे; परंतु तसा निवाडा देण्यापूर्वी त्या काळचे कायदे आणि करारनामे वाचले पाहिजेत. 1917 च्या कायद्याने अमेरिकेने हिंदुस्थानासह आशियाच्या मोठ्या भागातील लोकांना प्रवेश बंद केला. 1923 साली भगतसिंग थिंद या शीख गृहस्थाच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणूस ‘गोरा’ ठरत नाही, सबब तो नागरिकत्वास पात्र नाही, असा निकाल दिला, आणि 1946 पर्यंत ती दारे किलकिलीही झाली नाहीत. चित्रपटधंद्याने स्वतःवर लादलेली आणि 1934 पासून कडकपणे अमलात आणलेली नियमावली गोऱ्या-काळ्यांच्या शृंगाराचे चित्रण स्पष्ट शब्दांत मना करीत होती, व व्यवहारात तिचा बडगा आशियाई नटांवरही बसे. ‘द गुड अर्थ’ या 1937 च्या चित्रपटात चिनी शेतकऱ्याची बायको कोण झाली? चिनी वंशाची समर्थ नटी ॲना मे वाँग हॉलिवुडातच होती. पण नायक गोरा नट असल्यामुळे त्याची बायकोही गोरीच हवी, म्हणून लुइझे रेनर या युरोपीय नटीला पिवळा रंग फासून उभे केले गेले, आणि तिला त्याच कामाबद्दल ऑस्कर मिळाले. मर्लने खरे सांगितले असते तर तिच्या वाट्याला काय आले असते, याचा याहून स्पष्ट दाखला कोणता?

हिंदुस्थानात जन्मणे हा तर गुन्हाच नव्हता. व्हिव्हियन ली 1913 साली दार्जिलिंगला जन्मली, आणि ते तिने कधी लपवले नाही. लपवण्याचे कारण नव्हते, कारण गोऱ्या जगाच्या दृष्टीने ती साहेबाची गोरी लेक होती. लाज गावाची नव्हती. घरातल्या बाईच्या कातडीची होती.

याच कोर्डाच्या कारखान्यात त्याच दशकात दुसरा एक हिंदी चेहरा घडत होता आणि त्याची घडण नेमकी उलट दिशेने चालली होती. म्हैसूर संस्थानातल्या एका माहुताचा पोरका मुलगा साबू याला ‘एलिफंट बॉय’ या 1937 च्या चित्रपटासाठी निवडण्यात आले. 1940 सालचा ‘द थीफ ऑफ बगदाद’ आणि 1942 सालचा ‘जंगल बुक’ यांनी त्याला जगभर पोचवले. त्याच्या हिंदीपणाचा डंका पिटला गेला, त्याच्या फेट्याला आणि उघड्या अंगाला बाजारभाव होता. प्रौढ झाल्यावर मात्र त्या अंगाला साजेशी नायकाची भूमिका कोणी दिली नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी विमानदलात तोफची म्हणून शौर्यपदक मिळवणारा हा नट 1963 साली वयाच्या अवघ्या 39 व्या वर्षी हृदयविकाराने गेला. ‘द ड्रम’ हा त्याचा 1938 सालचा साम्राज्याची भलामण करणारा चित्रपट मुंबईत लागला तेव्हा लोकांनी दंगा करून तो बंद पाडला. एकाचे हिंदुस्थानीपण विकून आणि दुसरीचे झाकून कोर्डाने दोहोंकडून नफाच कमावला. कोणाची किंमत अधिक पडली, हे ठरवणे मला जमलेले नाही.

आता तिच्या कर्तबगारीकडे वळू. तिच्या अभिनयावर टीकाकारांनी पुष्कळदा नाक मुरडले आहे, आणि ते सर्वस्वी गैरवाजवी होते असे मी म्हणणार नाही; तिच्या कित्येक भूमिकांत चेहरा बोलतो आणि आवाज मागे राहतो. आरंभी तिला काजळी डोळ्यांची, परदेशी, गूढ मोहिनी म्हणूनच नाचवले गेले. सॅम्युअल गोल्डविनने कोर्डाकडून तिच्या कराराचा हिस्सा विकत घेतला आणि 1935 च्या ‘द डार्क एंजल’मध्ये तो सारा साज उतरवून तिला साध्या इंग्लिश मुलीच्या वेषात पडद्यावर आणले. या भूमिकेसाठी तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या ऑस्करचे नामांकन मिळाले; पारितोषिक बेटी डेव्हिसला गेले. ज्या भूमिकेत ती सर्वाधिक इंग्लिश भासली तीच अकादमीने वाखाणली, ही नोंद ध्यानात ठेवावी.

तिची अस्सल कसोटी लागली ती 1939 च्या ‘वुदरिंग हाइट्स’मध्ये. विल्यम वायलर दिग्दर्शक, ग्रेग टोलंड छायालेखक (त्याला याच कामासाठी ऑस्कर मिळाले), लॉरेन्स ऑलिव्हिये नायक हीथक्लिफ, आणि मर्ल नायिका कॅथी. ऑलिव्हियेला कॅथी म्हणून आपली प्रेयसी हवी होती, आणि ती प्रेयसी म्हणजे वर सांगितलेली व्हिव्हियन ली. तिला दुय्यम भूमिका देऊ केली गेली, तिने ती झिडकारली आणि त्याच वर्षी ‘गॉन विथ द विंड’ करून ऑस्कर पटकावले. म्हणजे यॉर्कशरच्या माळरानावरच्या त्या इंग्लिश मुलीच्या जागेसाठी एक दार्जिलिंगची आणि एक मुंबईची, अशा दोघींमध्ये चढाओढ होती. त्याहून मोठा विपर्यास कथेच्या गाभ्यात आहे. एमिली ब्राँटेच्या कादंबरीत हीथक्लिफ हा लिव्हरपूलच्या रस्त्यात सापडलेला काळवंडलेला अनाथ. तो एखाद्या ‘लॅस्कर’चे, म्हणजे पूर्वेकडच्या खलाशाचे पोर असावा, अशी शंका शेजाऱ्यांना येते. आपल्या कोकणपट्टीतून, या भिवंडी-कल्याणच्या आसपासच्या मुसलमान वस्त्यांतूनसुद्धा, विलायती आगबोटींवर असे खलाशी जात असत. चित्रपटात ही भूमिका गोऱ्या ऑलिव्हियेने केली, आणि कुळाच्या प्रतिष्ठेपायी त्या काळ्या पोराला नाकारणारी गोरी कॅथी झाली ती एका सावळ्या आईची मुलगी. हीथक्लिफशी लग्न केले तर आपली पायरी उतरेल, असे कॅथी सांगते त्या प्रसंगी मर्लच्या चेहऱ्यावर जे भय उमटते ते मला निव्वळ अभिनयाचे वाटत नाही. ही माझी कल्पना असेल. पण तो प्रसंग या माहितीनिशी पाहिल्यावर दुसरे काही सुचतही नाही.

तो चेहराच तिचे भांडवल, आणि त्याच्यावर संकटेही तशीच कोसळली. 1937 साली ‘आय, क्लॉडिअस’चे चित्रण चालू असताना मोटारीच्या अपघातात तिच्या चेहऱ्याला जखमा झाल्या आणि तो चित्रपट अर्ध्यावर गुंडाळला गेला. काही वर्षांनी सौंदर्यप्रसाधने आणि सल्फा औषधे यांच्या विषाराने तिच्या त्वचेला व्रण पडले व कातडी खरवडून काढण्याचे यातनामय उपचार तिला घ्यावे लागले. लुसियन बॅलार्ड या छायालेखकाने ते व्रण पडद्यावर दिसू नयेत म्हणून कॅमेऱ्यालगत बसवायचा एक लहान दिवा योजला, तो धंद्यात तिच्याच नावाने ‘ओबी’ म्हणून रूढ झाला. 1939 साली ती कोर्डाची पत्नी झाली होती. तो विवाह 1945 साली मोडला व त्याच वर्षी तिने बॅलार्डशी लग्न केले. पुढे ब्रूनो पाल्याई हा मेक्सिकोतला धनाढ्य कारखानदार आणि शेवटी तिच्याहून पंचवीस वर्षांनी लहान असलेला नट रॉबर्ट वोल्डर्स, असे तिचे चार विवाह झाले. त्यांची चविष्ट वर्णने इंग्रजीत भरपूर आहेत. आपल्याला त्यांचे प्रयोजन नाही.

प्रयोजन आहे ते तिच्या घराच्या मागल्या दाराचे. लंडनमध्ये नाव झाल्यावर शार्लट तिच्याजवळच राही. परंतु पाहुण्यांपुढे ती घरची मोलकरीण म्हणून वावरे. 1937 साली ती वारली. पुढे 1949 साली मर्लने एका जुन्या छायाचित्रावरून तिचे तैलचित्र काढवून घेतले, आणि चित्रकाराला कातडीचा रंग उजळ करावयास सांगितले. ते चित्र जन्मभर तिच्या भिंतीवर टांगलेले होते. प्रेम होते, यात संशय नाही. परंतु प्रेमालाही गोरे करून घेतल्याशिवाय भिंतीवर जागा देता येऊ नये, ही अवस्था कायद्याने लादलेल्या खोटेपणाच्या पलीकडची आहे, आणि तिचा दोष हॉलिवुडच्या माथी सर्वस्वी मारता येणार नाही.

खरी आई कॉन्स्टन्स हिने पुढे सोआरेस नावाच्या गृहस्थाशी लग्न केले, तिला आणखी चार मुले झाली. त्यांपैकी हॅरी सेल्बी कॅनडात स्थायिक झाला. आपली मावशी म्हणून ज्या तारकेचे नाव घरात घेतले जाते तिचा जन्माचा दाखला त्याने मुंबईच्या सरकारी दप्तरातून शोधून काढला, तेव्हा आईच्या नावापुढे त्याला शार्लटऐवजी कॉन्स्टन्सचे नाव आढळले. मर्ल त्याची मावशी नव्हती, बहीण होती. तो तिला भेटण्यास लॉस एंजेलिसपर्यंत गेला. तिने भेट नाकारली. हॅरीने हा कागद तिच्या 1983 सालच्या चरित्रकारापासूनही दडवून ठेवला, आणि 2002 सालच्या एका ऑस्ट्रेलियन माहितीपटातच त्याची वाच्यता झाली. ज्या कारकुनाने 1911 साली ती नोंद केली त्याने, बाईच्या कोवळ्या वयाकडे न पाहता वा पाहूनही, खरे तेच लिहिले होते.

1978 साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी, टास्मानियाची राजधानी होबार्ट येथे तिचा नागरी सत्कार झाला. आपल्या गावची कन्या परतली म्हणून नगरपित्यांनी मेजवानी मांडली. प्रत्यक्षात तिच्या जन्माचा पुरावा गावात सापडत नाही ही कुणकुण त्यांना आधीच लागली होती. समारंभात तिनेच आपण येथे जन्मलो नसल्याचे बोलून दाखवले आणि प्रकृतीचे निमित्त सांगून ती उठून गेली. 23 नोव्हेंबर 1979 रोजी कॅलिफोर्नियात तिचा अंत झाला. तिच्या तथाकथित जन्मभूमीत तिला आपली म्हणणारे लोक होते, खऱ्या जन्मभूमीत कोणी नव्हते.

2023 साली आशियाई वंशाच्या मिशेल यो या नटीला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या ऑस्करचे नामांकन मिळाले, तेव्हा मर्लचे नाव पुन्हा वृत्तपत्रांत आले आणि ‘पहिली भारतीय’ म्हणून तिला मिरवण्याची आपल्याकडे लगबग सुरू झाली. मला ही लगबग अशोभनीय वाटते. ती ज्या समाजात जन्मली त्या अँग्लो-इंडियन समाजाला गोऱ्यांनी काळे म्हणून दूर ठेवले, तसे आपणही अर्धवट साहेब म्हणून दूरच ठेवले. संविधानाने लोकसभेत त्यांच्यासाठी नामनियुक्तीच्या दोन जागा ठेवल्या होत्या. त्या 2020 साली रद्द झाल्या, आणि मराठी वृत्तपत्रांतून त्यावर फारशी चर्चा झाल्याचे माझ्या वाचनात आले नाही. तिला भारतकन्या म्हणण्याचा हक्क आपल्याला आहे असे मला वाटत नाही.

हक्क नसला तरी काम आहे. इथून कल्याण हाकेच्या अंतरावर आहे. पुढे इगतपुरी, मनमाड, भुसावळ ही जी. आय. पी. रेल्वेची गावे. तेथल्या जुन्या रेल्वे वसाहतींत, इंजिनचालक, गार्ड आणि यांत्रिकी कारागीर यांच्या घरांत, थॉम्सन आणि सेल्बी यांच्यासारखी अनेक कुटुंबे राहून गेली. पुष्कळ जण परदेशी गेले, थोडे म्हातारे अजून येथेच आहेत. मराठीत त्यांच्याविषयी फारसे लिहिलेले नाही. या सभागृहात महाविद्यालयाचे जे विद्यार्थी बसले आहेत त्यांना माझी विनंती आहे की त्यांनी चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या, कब्रस्तानांतले शिलालेख आणि हयात माणसांच्या आठवणी यांची टिपणे करण्यास याच वर्षी आरंभ करावा. माणसे वृद्ध आहेत, आणि वह्यांना वाळवी लागते.